ऊन सारखेच, होरपळ वेगळी

मे महिन्याच्या मध्यावर, सूर्य कृत्तिका नक्षत्रात असताना, मराठवाड्यात एक गोष्ट घडते आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. लातुरात १३ मेच्या आणि नांदेडात १६ मेच्या सुमारास, दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान, सरळ उभ्या माणसाची सावली दिसेनाशी होते. ती अगदी पायाखाली जाते. विजेच्या खांबाची तीच गत, शाळेच्या झेंड्याच्या काठीचीही तीच. सूर्य त्या क्षणी नेमका डोक्यावर असतो. खगोल अभ्यासक याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. शाळांना सुट्टी असल्याने मुलांना हे दाखवायला कोणी नसते आणि मोठी माणसे लग्नाच्या मांडवात असतात. १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्तावर अक्षता पडतात, बाहेर बँडवाले आणि वाढपी घामाने निथळत असतात, आणि ‘यंदा ऊन फारच आहे’ या वाक्यावर सगळ्यांचे एकमत होते.

ऊन फार आहे म्हणजे नेमके काय आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरातला काही भाग आपल्या हाताबाहेरचा आहे आणि काही भाग आपल्या हातातला आहे. दोन्हींची गल्लत झाली की उष्माघाताचे बळीही दैवाच्या खात्यावर जमा होतात.

हाताबाहेरचा भाग आधी पाहू. पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,३६१ वॉट इतकी ऊर्जा पोहोचते. पृथ्वी गोल असल्याने ही ऊर्जा सगळीकडे सारखी वाटली जात नाही. बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर लहान, झगझगीत वर्तुळ पडते; तोच झोत तिरपा टाकला तर डाग पसरतो आणि मंद होतो. शून्य सावलीच्या दुपारी नांदेडात एका चौरस मीटरचा झोत एकाच चौरस मीटर जमिनीवर पडतो. २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य तेथे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, तेव्हा तोच झोत १.३६ चौरस मीटरवर पसरतो. त्याच दिवशी लंडनमध्ये सूर्य दुपारीसुद्धा १५ अंशांच्या वर चढत नाही; तेथे तो झोत जवळजवळ चार चौरस मीटरवर पसरतो. शिवाय तिरप्या किरणांना वातावरणाचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो आणि वाटेत बराच प्रकाश विखुरतो, शोषला जातो. त्यात दिवसाची लांबी मिळवा. नांदेडात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमध्ये अकरा तासांचा. लंडनमध्ये हा फरक साडेसोळा आणि आठ तास इतका मोठा असतो. आपला हिवाळा सौम्य आणि तिकडचा कडक का, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, हा समज अजूनही अनेकांच्या मनात पक्का आहे. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, मराठवाड्यात शेकोट्या पेटलेल्या असतात तेव्हा. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर असते. ऋतू ठरतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीवर्गांतली मुले हा साडेतेवीसचा आकडा झोपेतही सांगतील. पण त्या वर्गाच्या पत्र्याच्या छताखाली एप्रिलमध्ये जीव का घुसमटतो, हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही.

कारण ऊन किती मिळाले, एवढ्यावर तापमान ठरत नाही. २१ जूनला चोवीस तासांचा हिशेब मांडला, तर वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला विषुववृत्तापेक्षा जास्त सौरऊर्जा मिळते, कारण तेथे सूर्य मावळतच नाही. तरीही ध्रुवावर त्या दिवशी पारा शून्याच्या आसपासच असतो. पांढरे बर्फ बहुतेक प्रकाश आल्या पावली परत पाठवते, आणि जी ऊर्जा मुरते ती बर्फ वितळवण्यात खर्च होते. ऊन ज्या पृष्ठभागावर पडते, तो पृष्ठभाग त्या उन्हाचे काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

याचा पुरावा शोधायला ध्रुवापर्यंत जाण्याची गरज नाही. नकाशात नांदेडपासून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढली की ती मुंबईवरून जाते. दोन्ही शहरे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहेत. म्हणजे वर्षातल्या कोणत्याही दुपारी सूर्य दोन्हीकडे जवळपास सारख्याच उंचीवर असतो. तरी मे महिन्यात मुंबईचे कमाल तापमान ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि नांदेडचे ४२ अंशांवर जाते. हीच रेघ पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला नेली, तर १९.४ अंशांवर मेक्सिको सिटी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या त्या शहरात मे महिन्यातली दुपारसुद्धा सर्वसाधारणपणे तिशीच्या आतच असते. सूर्य तोच, त्याचा कोनही तोच. तीन शहरांचे तीन उन्हाळे मात्र वेगवेगळे.

मुंबईला समुद्र वाचवतो. समुद्रात ऊन खोलवर शिरते, लाटा ती उष्णता घुसळून पसरवतात, आणि पाण्याला तापवायला कोरड्या मातीच्या चार-पाच पट ऊर्जा लागते. काळ्या मातीच्या कोरड्या रानात ते ऊन वरच्या काही बोटांच्या थरातच अडकते. तो थर भराभर तापतो आणि आपल्याला टेकलेली हवा तापवतो. मेक्सिको सिटीला उंची वाचवते. हवा तापते ती मुख्यतः खालून, जमिनीकडून. त्यामुळे वर जावे तसे सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी तापमान उतरते. हाच नियम लहान प्रमाणात लातूर आणि नांदेडमध्येही दिसतो. लातूर बालाघाटच्या पठारावर वसले आहे, तर नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, त्याहून किमान दीडशे मीटर खाली. म्हणून मेच्या दुपारी नांदेडचा पारा बहुधा लातूरच्या एक-दोन अंश पुढे असतो.

आता मराठवाड्याचीच एक साक्ष पाहू. मेच्या मध्यावर डोक्यावर आलेला सूर्य उत्तरेकडे सरकतो, २१ जूनला कर्कवृत्त गाठतो आणि परत फिरतो. परतीच्या वाटेवर, जुलैच्या अखेरीस, तो नांदेड आणि लातूरच्या पुन्हा एकदा नेमका डोक्यावर येतो. कोन तोच, दिवसाची लांबी जवळपास तीच. पण जुलैतली दुपार मेपेक्षा आठ-दहा अंशांनी थंड असते. पहिले कारण ढग. ते बराचसा प्रकाश वरच्या वर परतवतात. दुसरे कारण ओल. जमीन ओली असली, पिके उभी असली की आलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि तेवढी उष्णता हवा तापवायला उरत नाही. मेमध्ये नांगरून पडलेल्या रानात उडायला पाणीच नसते. मग सारे ऊन मातीत आणि मातीतून हवेत जाते.

म्हणूनच मराठवाड्यात दुष्काळ आणि उष्णता या दोन वेगळ्या आपत्ती नव्हेत. पाणी आटले की ताप वाढतो आणि ताप वाढला की उरलेले पाणी वेगाने उडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. त्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले, त्याची देशभर बातमी झाली. पण उघड्या जलाशयावरून एका दिवसात केवळ एक मिलिमीटर पाणी उडाले, तरी दर चौरस किलोमीटरमागे दहा लाख लिटर, म्हणजे तशा दोन गाड्या भरतील इतके पाणी जाते. ते जाताना कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

पृथ्वी आलेली उष्णता परतही पाठवत असते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असेल, तर रात्री जमीन झपाट्याने निवते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत याच भागात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. परतीची ही वाट आता अडू लागली आहे. कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचे प्रमाण वाढल्याने पृथ्वीवरची गोधडी जाड झाली आहे. उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात तापमानवाढीचे कारण ठरावे अशी वाढ झालेली नाही. तरीही औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत जगाचे सरासरी तापमान दीड अंशाहून अधिक चढलेले पहिले वर्ष २०२४ ठरले. सूर्याला दोष देऊन सुटका करून घेण्याची सोय विज्ञानाने ठेवलेली नाही.

येथपर्यंतचा हिशेब हवामानाचा झाला. माणसाच्या शरीराचा हिशेब याहून कडक आहे. वर्तमानपत्रात छापले जाणारे तापमान सावलीतले असते. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, त्याच्यावर ऊन पडू देत नाहीत. ‘नांदेड ४२ अंश’ याचा अर्थ हवा ४२ अंशांवर आहे, एवढाच. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर किंवा हळद काढायला उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर हवेच्या तापाखेरीज थेट किरणांचा मारा होत असतो. त्याला जाणवणारा ताप आणखी आठेक अंशांनी वाढू शकतो. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश वर चढला, किंवा थेट ४५ अंशांना टेकला, की उष्णतेची लाट मानली जाते. जेथे मेची सरासरीच ४२ आहे, तेथे लाट जाहीर होण्याची वाट पाहणे म्हणजे उंबरठ्यापर्यंत पाणी आल्यावर पूर आला म्हणण्यासारखे आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो लोक तासन्‌तास उघड्यावर बसले होते. परिसरातील अधिकृत तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. लाटेच्या सर्वसाधारण कल्पनेत हा आकडा भीतिदायक वाटत नाही, तरी १४ जणांचा बळी गेला. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. वरून उन्हाचा मारा आणि सावलीचा अभाव. नांदेड-लातूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो हे खरे. पण त्यामुळेच शरीरातले पाणी किती गेले हे कळत नाही. अंग कोरडे दिसते आणि माणूस ‘मला काही होत नाही’ म्हणत राबत राहतो.

डोके दुखणे, चक्कर, पायात गोळे येणे, मळमळ ही शरीराची सूचना असते. त्या वेळी सावली, पाणी, मीठ-साखरेचे पाणी किंवा क्षारसंजीवनी मिळाली की बहुधा माणूस सावरतो. बोलणे असंबद्ध होऊ लागले, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. मग घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णाला सावलीत घ्यावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा खिशात ठेवण्यावर कोणाचा विश्वास असेल तर असो, पण त्याने शरीराचे तापमान उतरत नाही. डोक्याला बांधलेला पटका किंवा दस्ती मात्र खरोखर उपयोगी आहे, कारण तो किरण अडवतो. ओला करून बांधला तर त्याहून उत्तम.

घरात असलेली माणसेही सुरक्षित आहेत असे नाही, आणि येथे लातूरचा इतिहास आड येतो. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे जाड दगडी भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. एवढ्या वजनाला तापायला दिवस पुरत नसे. दुपारी आत गारवा असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत बसवलेल्या याच भिंती आणि हीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली, ५२ गावांचे पुनर्वसन करावे लागले. त्यानंतर लोकांनी दगड-मातीच्या घरांची धास्ती घेतली असेल तर त्यांना कोण नावे ठेवणार? सिमेंटचे स्लॅब आले, पत्रे आले. भूकंपाची भीती कमी झाली आणि उन्हाची वाढली. या अदलाबदलीची किंमत तीस वर्षे प्रत्येक उन्हाळ्यात मोजली जात आहे, विशेषतः दिवसभर घरात असणाऱ्या बायका, तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे ती मोजत आहेत.

ती किंमत आकड्यांत मांडता येते. मेमधल्या निरभ्र दिवशी येथे एका चौरस मीटरवर सहा-सात युनिट विजेइतकी ऊर्जा पडते. वीस चौरस मीटरच्या, म्हणजे एका खोलीच्या पत्र्यावर दिवसाला सव्वाशे युनिट. वीजबिलातला पहिला टप्पा महिन्याला शंभर युनिटचा असतो, हे लक्षात घेतले की गरिबाच्या डोक्यावर रोज काय ओतले जाते याची कल्पना येईल. गंजलेला, काळवंडलेला पत्रा त्यातले बरेचसे शोषून खाली खोलीत फेकतो. त्याच पत्र्याला किंवा स्लॅबला चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, तर बराच प्रकाश आल्या वाटेने परत जातो. बर्फ ध्रुवावर जे करते, तेच हा रंग छतावर करतो. पुन्हा दगड-मातीकडे जाण्याची गरज नाही. भूकंपापासून वाचवणारे छत उन्हापासूनही वाचवू शकते. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये ‘थंड छतां’चे धोरण जाहीर केले. सीमेपलीकडे जे धोरण ठरते, ते देगलूर-बिलोलीच्या अलीकडे सुचायला अडचण नसावी. निदान घरकुल योजनेतली घरे, अंगणवाड्या, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या छतांपासून सुरुवात करता येईल. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा रंग द्यावा लागेल, त्याची तरतूद मात्र आधीच हवी. नाही तर पहिल्या वर्षीचे छायाचित्र तेवढे उरेल.

दुसरा उपाय वेळेचा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. सूर्य सव्वाबारा-साडेबाराला डोक्यावर येतो, हवा सर्वाधिक तापते ती अडीच ते साडेतीनच्या दरम्यान, कारण जमीन तापून हवेला तापवायला वेळ लागतो. म्हणजे बारा ते चार हा काळ दुहेरी धोक्याचा. रोजगार हमीची कामे, रस्ते आणि बांधकामे या काळात बंद ठेवून सकाळी लवकर व संध्याकाळी उरकणे, कामाच्या जागी मांडव आणि पाण्याचे रांजण ठेवणे, एवढी शिस्त एप्रिल-मेपुरती सक्तीची करायला काय हरकत आहे? अट एकच, सुट्टीच्या तासांची मजुरी कापली जाऊ नये. अन्यथा मजूर स्वतःच उन्हात उभा राहील. अहमदाबादने मे २०१० च्या लाटेत सुमारे १,३०० अधिकचे मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारा, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, सावली, यांत अशक्य असे काही नव्हते. लग्नांचे मुहूर्तही संध्याकाळी असतातच. गोरज मुहूर्त आपल्या परंपरेतच आहे. वऱ्हाडी आणि वाढपी दोघेही दुवा देतील.

तिसरा उपाय झाडांचा, आणि येथे लातूरची बाजू फारच लंगडी आहे. जिल्ह्याच्या क्षेत्रफळात वनाच्छादन एक टक्काही नाही. झाडाखाली हवेचे तापमान फार कमी होते असे नाही. दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पण थेट किरण अडतात आणि पाने पाणी सोडून सभोवती गारवा राखतात, म्हणून लिंबाखाली बसलेल्याला जीव आल्यासारखे वाटते. रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचा वड किंवा लिंब तोडून त्याच्या बदल्यात दहा रोपे लावल्याचा हिशेब कागदावर बरोबर असतो. त्या रोपांची सावली पडायला मात्र पंधरा-वीस उन्हाळे जावे लागतात. तोवर बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या बाईने काय करावे, याचे उत्तर त्या हिशेबात नसते.

पृथ्वीच्या आसाचा कल बदलणे कोणाच्या हाती नाही. नांदेडला समुद्र आणता येणार नाही आणि लातूर आणखी उंचावर नेता येणार नाही. छताचा रंग, कामाची वेळ, रस्त्याकडेची सावली आणि शिवारातली ओल मात्र महापालिका, ग्रामपंचायत आणि घरमालक यांच्याच हातात आहे. पुढच्या मेच्या मध्यावर त्या दुपारी पायाखाली गेलेली आपली सावली पाहायला पाच मिनिटे अंगणात जरूर उभे राहावे. आणि घरात परतताना, जो दिवसभर तेथेच उभा राहणार आहे, त्याच्यासाठी आपल्या गावाने काय केले आहे, हेही स्वतःला विचारावे.